खाली गेलं, वर आलं

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या गडबच्या खाडीकाठी विमानं बघायची चौकी उघडली. चौकी म्हणजे मिठागरातली झोपडी, तीत एक टेलिफोन आणि टेलिफोनजवळ जगन. मीठ ओढायचं सोडून आभाळाकडे बघत बसायचं, एवढंच काम. मुकादमाच्या मते त्याला त्याचा जुना सराव होता.

विमान दिसलं की मुंबईच्या बाजूला असलेल्या नियंत्रण केंद्राला कळवायचं. तिथे मोठ्या टेबलावर नकाशा पसरलेला. फोन आला की दिनानाथ नावाचा नागपूरकडचा जवान नकाशावरची सोंगटी सरकवायचा. गॅलरीत बसलेले साहेब सोंगट्या बघून ठरवायचे, आपलं की परकं. परकं असेल तर तोफांना हुकूम. आभाळाकडे मात्र त्या खोलीतलं कुणीच बघत नसे. खोलीला खिडकीच नव्हती.

एका दुपारी आपलंच एक विमान रेडिओ बंद पडून भरकटलं. केंद्राला ते ठाऊक होतं. टेबलावर त्याची निळी सोंगटी होती. ते डोक्यावरून गेलं तसा जगनने फोन लावला.

"साहेब, इमान खाली गेलं."

आमच्याकडे खाली म्हणजे खाडीकडे, समुद्राच्या अंगाला. वर म्हणजे डोंगराकडे. शेंबड्या पोरालाही हे कळतं. नागपूरला समुद्र नाही, त्याला जगन काय करणार?

"आणि पायलट?" दिनानाथचा आवाज एकदम पडला.

जगनला प्रश्नच खुळचट वाटला. "तो पण त्यातच. खालीच गेला."

दिनानाथने निळी सोंगटी उचलून खिशात ठेवली.

थोड्या वेळाने तेच विमान समुद्रावरून वळून आलं, तसं दुसऱ्या एका चौकीने कळवलं. टेबलावर आता त्याला नाव नव्हतं, म्हणून परक्याची लाल सोंगटी लागली. पेणच्या बाजूच्या तोफांना तयार राहायचा हुकूम सुटला. इतक्यात जगनचा फोन.

"साहेब, मघाचंच वर आलं."

"पडलेलं विमान वर कसं येईल?"

"पडलं? कोण बोलला पडलं?"

"तूच म्हणालास, खाली गेलं!"

"खाली म्हंजे खाडीकडं!"

मग दिनानाथ हळू आवाजात म्हणाला, "त्याच्यावर तोफा रोखल्यात. नीट सांग, आपलंच आहे?"

जगन ओरडला, "आपलंच हाय! शेपटीवर तिरंगा हाय, या डोळ्यांनी बघितला. मारू नको रं त्याला!" साहेबाला आपण 'रं' म्हटलं, याचं त्याला भान राहिलं नाही.

"थांबवा! थांबवा!" असं दिनानाथचं ओरडणं फोनमधून ऐकू आलं. झोपडीचं छप्पर थरथरलं आणि विमान डोक्यावरून पेणकडे गेलं. जगन कान देऊन उभा राहिला. तोफ वाजली नाही.

"पायलट कुठे आहे?" दिनानाथने विचारलं.

"वर गेला" हे शब्द जगनच्या ओठांवर आले होते. माणूस वर गेला म्हणजे काय, हे नागपुरातही कळत असणार. त्याने ते गिळले.

"डोंगराकडं गेला, साहेब," तो म्हणाला. "जिता हाय."