तिन्हीसांजेची रेंज

प्रभाकर भामरे यांच्या घरातलं इंटरनेट रोज तिन्हीसांजेला जायचं आणि थोड्या वेळाने आपलं आपण परत यायचं. देवळात जाऊन यावं तसं.

सन २००७. इंदिरानगरच्या त्या बिल्डिंगमध्ये वायरलेस घेणारं हे पहिलंच घर. आधी टेलिफोनच्या डबीपासून मागच्या खोलीपर्यंत हॉलमधून एक निळी वायर गेलेली असे. कुसुमताईंच्या केरसुणीत ती अडकायची. भामरे स्वतः तिच्यात पाय अडकून पडता पडता वाचले होते. पण खरी अडचण वेगळी होती. आलेले पाहुणे विचारायचे, "ही वायर कुठे जाते हो?" मग मागच्या खोलीत मुलगी आहे हे सांगावं लागायचं, आणि का आहे हेही. वायरलेसचा मोठा फायदा असा की काही दिसत नाही.

मुलगी म्हणजे वृषाली. तिला सटाण्याला दिली होती. जावई राकेश कांद्याचा व्यापारी, घरचं चांगलं, माणसंही चांगली. राकेशसुद्धा स्वभावाने चांगलाच होता, हात उचलायचा तेवढा वेळ सोडला तर. मागच्या उन्हाळ्यात वृषाली एक बॅग घेऊन परत आली. मग दोन्हीकडची वडीलधारी माणसं याच हॉलमध्ये बसली, चिवडा-चहा झाला आणि असं ठरलं की मुलीला पुढच्या दिवाळीपर्यंत माहेरी राहू द्यावं, डोकं शांत होईल. वृषाली म्हणाली, "तोवर माझी नोकरी पक्की झाली तर मी येणार नाही." यावर सगळे हसले. अट कुणी मनावर घेतली नाही, म्हणून ती मान्य झाली.

नोकरी तिला मिळाली. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की काय आढळलं ते यंत्रात बोलून ठेवतात. ते बोलणं नाशकात कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात येई आणि तिथून वृषालीच्या कानात. ती ऐकून टाइप करायची. तिकडे सकाळ व्हायच्या आत सगळं परत गेलं पाहिजे, आणि तिकडची सकाळ म्हणजे आपली दिवेलागण. उशीर झाला की नावापुढे खूण. दिवाळीपर्यंत उमेदवारी, खुणा कमी तर कायम. पण दिवसभर टाइप केलेलं पाठवायला घेतलं की ऐन वेळी हॉलमधल्या वायरलेसच्या डबीचे दिवे विझायचे, ती पुन्हा जागी होईपर्यंत बराच वेळ जायचा आणि पाठवणं पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. खुणा वाढत चालल्या.

भामरे सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. प्रश्न हाताळण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता, सोडवण्याचा जरा कमी. त्यांनी हे प्रकरण हातात घेतलं. हेल्पलाइनवरच्या मुलीने सांगितलं, बंद करून चालू करा. त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलीने तेच सांगितलं, त्यांनी तेच केलं. मग डबी टीव्हीवर ठेवून पाहिली, फ्रिजवर ठेवली, कपाटावर चढवली. शेवटी ती देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर परत आली, कारण घराच्या मध्यावर प्लग तेवढा एकच. दाराला चिकटवलेलं लोडशेडिंगचं वेळापत्रक ताडून पाहिलं, तर आपल्या भागाची लाइट सकाळी जायची. लेखी तक्रारी गेल्या. त्यांची भाषा उत्तम होती. 'सबब, त्वरित योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती' हे वाक्य तर वृषालीलाही आवडलं होतं.

तळमजल्यावरचे कारभारी आप्पा येऊन पाहून गेले.

"भाऊसाहेब, डबीचं तोंड दक्षिणेला हे."

"बरं मग?"

"मग काय टिकल? फिरवा उत्तरंला."

अँटेना उत्तरेला फिरवला. इंटरनेट तिन्हीसांजेला गेलं.

कंपनीचा माणूस भिकन, तो यायचा भर दुपारी. गाडीची चावी बोटात फिरवत डबीकडे बघायचा आणि म्हणायचा, "काका, लाइन एक नंबर आहे. बघा ना, सगळे दिवे हिरवे."

"अरे, संध्याकाळी जातं."

"संध्याकाळी आमची सुट्टी होते."

"म्हणजे बघायला कुणी येणारच नाही?"

"तक्रार टाका ना काका. संध्याकाळची टाका. मी दुपारी येतो."

वृषाली हे सगळं दाराच्या फटीतून ऐकायची. वडील आपल्यासाठी इतकी धावपळ करतात हे बघून तिला भरून यायचं. सासरी कुणी तिच्यासाठी साधा पंखा दुरुस्त केला नव्हता.

कारण सापडलं ते पाण्यामुळे. एका संध्याकाळी तिच्या खोलीतला तांब्या रिकामा होता. ती उठून हॉलमध्ये आली, आणि कुसुमताई देव्हाऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन उभ्या दिसल्या. त्यांनी डाव्या हाताने फळीजवळचं बटण बंद केलं आणि उजव्या हाताने काडेपेटी घेतली.

"आई, काय करतेस?"

"दिवा लावते."

"ते नाही. ते बटण."

"ते होय! लावते ना परत. वात जरा स्थिर होऊ दे."

"रोज तू बंद करतेस?"

"रोज कुठं? तिन्हीसांजेला फक्त."

वृषाली सोफ्याच्या हातावर टेकली. कुसुमताईंनी दिवा लावला, हात जोडले, डोळे मिटले, उघडले, मग बटण चालू केलं आणि जरा रागावूनच म्हणाल्या, "तू नको बघूस अशी. त्यातून काय काय येतं ते तूच सांगतेस ना जेवताना? कुणाच्या पोटात गाठ, कुणाची किडनी गेली, कुणी तर सगळाच गेला. आधी ते वायरीत होतं. वायरीतून तुझ्या खोलीत जायचं, बाहेर सांडायचं नाही. आता तुझे बाबा म्हणाले हवेतून येतं, भिंतीतून आरपार जातं. म्हणजे देवासमोरून जातं की गं! आणि तिन्हीसांजेला वास्तू तथास्तु म्हणते. गाठ त्या तिकडच्या बाईची, आणि तथास्तु आपल्या घरात?"

"आई, ते सगळं इंग्रजीत असतं."

"वास्तू काय मराठी मीडियमची आहे?"

वृषालीला हसू आलं. फार दिवसांनी आलं म्हणून जरा जास्तच आलं आणि थांबवताना त्रास झाला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, हे असं जात राहिलं तर मला कायम करणार नाहीत. आता आणखी एक खूण झाली की काढून टाकतील. मग दिवाळीला मला सटाण्याला जावं लागेल."

कुसुमताईंनी मुलीकडे बघितलं. तिच्या कानामागे एक पांढुरका व्रण होता. ती आली त्या दिवशी त्यांनी तो बघितला होता, पण काही विचारलं नव्हतं. विचारलं की उत्तर घरात येतं.

"नाही करणार," त्या म्हणाल्या. "देवाशपथ. तू फक्त ते मोठ्याने वाचू नकोस. आणि मी दिवा थोडा आधीच लावत जाईन, ऊन असतानाच. देव काय म्हणणारे?"

"काही नाही म्हणणार."

"आणि बाबांना सांगू नकोस. हसतील मला."

दुसऱ्या दिवसापासून भामऱ्यांच्या घरी उन्हात दिवा लागू लागला. इंटरनेट जायचं थांबलं. वृषालीचं काम वेळेवर जाऊ लागलं, ऑफिसातून तिला शाबासकीची मेलही आली. भामरे मात्र अस्वस्थ झाले.

"आज गेलं नाही का?" त्यांनी जेवताना विचारलं.

"नाही बाबा."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"हं," ते म्हणाले आणि ताकाची वाटी बाजूला सारली.

त्याच दिवसांत धाकट्या मुलाचं, अमितचं लग्न जमत आलं होतं. तो पुण्याला नोकरीला. मुलगी धुळ्याची. तिच्या वडिलांनी फोनवर विचारलं, घरी कोण कोण असतं? भामरे म्हणाले, "आम्ही दोघंच. मुलगी दिलीय सटाण्याला." हे वाक्य त्यांनी इतकं सहज उच्चारलं की मागच्या खोलीतल्या वृषालीलाही क्षणभर ते खरं वाटलं. त्या मंडळींना दिवाळीनंतर घर बघायला यायचं होतं.

उमेदवारीचा शेवटचा दिवस सोमवारी आला. कुसुमताई भजनी मंडळाच्या बायकांबरोबर त्र्यंबकेश्वरला गेल्या, मुलीच्या नोकरीसाठी नवस बोलायला. निघताना नवऱ्याला म्हणाल्या, "मला यायला उशीर होईल. दिवा तेवढा लावा."

त्या दिवशी वृषालीकडे एका मोठ्या ऑपरेशनचा लांबलचक अहवाल होता. माणूस वाचला होता, त्यामुळे तीही जरा खुशीत होती. तिने तो दोनदा तपासला आणि पाठवायला घेतला. स्क्रीनवरची निळी पट्टी इंचाइंचाने पुढे सरकत होती. अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली.

ती बाहेर आली. हॉलमध्ये अंधारून आलं होतं. भामरे देव्हाऱ्याजवळ उभे होते. डबीचे दिवे विझलेले होते. देवापुढचा दिवाही लावलेला नव्हता.

"गेलं का?" भामरे म्हणाले. "मी म्हटलंच होतं. उद्या परत लेखी तक्रार—"

"बाबा, तुमचा हात बटणावर आहे."

भामऱ्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. दुसऱ्या टेबलाची फाइल चुकून आपल्याकडे आल्यासारखं.

"तुझी आई करायचीच की. श्रद्धा आहे तिची. आपण कुणाच्या श्रद्धेला—"

"आई दिवा लावण्यासाठी बंद करायची. दिवा कुठाय?"

भामऱ्यांनी काडेपेटीकडे बघितलं. हात बटणावरच होता.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"माझं घर आहे. घरात काय चालतं ते कळतं मला."

"मग त्या तक्रारी? भिकनला इतक्यांदा बोलावलंत. कपाटावर चढलात तुम्ही, गुडघा दुखत असताना."

"करायलाच हवं होतं," भामरे म्हणाले. त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता, हेच त्यातलं वाईट होतं. "उद्या लोकांनी म्हटलं असतं, पोरीची नोकरी जात होती आणि बापाने काही केलं नाही."

वृषालीने त्यांचा हात बाजूला केला आणि बटण लावलं. डबीवर आधी लाल दिवा आला, मग पिवळा, मग बऱ्याच वेळाने हिरवा. तोवर भामरे बोलत राहिले. अमितचं जमतंय. लोक येणार आहेत. तुझं तिकडे घर आहे, तुला काही कमी नाही. राकेश आता सुधारला आहे असं त्याचे वडील म्हणत होते. वृषालीने काडेपेटी उचलून देवापुढचा दिवा लावला.

"आई आल्यावर विचारेल," ती म्हणाली.

अहवाल गेला, पण तोवर तिकडे सकाळ झाली होती.

रात्री कुसुमताई प्रसाद घेऊन आल्या. आल्या आल्या मुलीच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "आज तर मी नव्हते गं."

"हो ना. आज तू नव्हतीस."

कुसुमताई नवऱ्याकडे वळल्या. भामऱ्यांनी उजवा हात पुढे करून प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

ऑफिसची मेल दुसऱ्या दिवशी आली. इंग्रजीत नकाराला फार गोड शब्द आहेत. पुढच्या वाटचालीस शुभेच्छाही होत्या.

दिवाळीत सटाण्याची जीप आली. राकेशने सासऱ्यांसाठी पहिल्या प्रतीच्या कांद्याची गोणी आणली होती. त्याच्या आईने वृषालीच्या पाठीवरून हात फिरवला. "चाल माय, तुनंच घर शे." घर तुझंच, असं बाई मनापासून सांगत होती. मार पडताना दुसऱ्या खोलीत जाणारी माणसं बऱ्याचदा मनाने चांगली असतात. राकेश डबीकडे बघून म्हणाला, "नेट लागत असेल तर तिकडं बी घेऊ, काय?" वृषालीने हेडफोनची वायर गुंडाळून बॅगेत ठेवली, तीच बॅग, आणि आईच्या पाया पडली. वडिलांच्याही पडली. शेजारी बघत होते.

त्यानंतर भामऱ्यांचं इंटरनेट एकदाही गेलं नाही. धुळ्याची मंडळी घर बघून गेली, त्यांना हॉल आवडला. जमिनीवर वायरी नाहीत, सगळं कसं नीटनेटकं.

एका संध्याकाळी फोन वाजला. हेल्पलाइनची मुलगी होती. वृषाली मॅडमच्या नावावरच्या कनेक्शनच्या बऱ्याच तक्रारी दिसतात, तर आता इंटरनेट कसं चाललंय, ग्राहक समाधानी आहेत का, एवढंच विचारायचं होतं.

"उत्तम चाललंय," भामरे म्हणाले. "आता काही अडचण नाही."

मॅडमशी बोलता येईल का?

देव्हाऱ्यासमोर कुसुमताई डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. आता पुन्हा अंधार पडल्यावरच दिवा लागायचा. त्यांच्या हातात पेटलेली काडी होती. भामऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"ती इथे नसते. तिच्या घरी असते. सुखात आहे."

काडी बोटांपर्यंत आली तरी कुसुमताईंनी ती वातीला लावली नव्हती.

"मोठ्याने बोला," त्या म्हणाल्या. "तिन्हीसांज आहे."