पुढ्यातली पाचर

“सिस्टर, दुसऱ्या हाफला तुम्ही बसा,” काका म्हणाले. बाटलीचं झाकण फिरवत, तिच्याकडे न बघता.

काका म्हणजे हॉस्पिटलचे स्टोअरकीपर, आणि वर्षातून एकदा बास्केटबॉल संघाचे कोच. सिस्टर म्हणजे पुरुषांच्या वॉर्डातली नर्स. सहा फूट एक इंच. चौदा वर्षं संघाची सेंटर. रिंगजवळ उभं राहायचं, उंचावर बॉल घ्यायचा, आत टाकायचा. आज अख्ख्या हाफमध्ये तिच्या हाताला बॉल तीनदा लागला होता. त्यातही एकदा तर मैदानाबाहेर गेलेला उचलून देताना.

कारण पाचर, हे नाव सिस्टरनेच मनात ठेवलेलं. समोरच्या टपालखात्याच्या संघातली, पार्सलांच्या टेबलावरची बाई. सिस्टरच्या खांद्याला जेमतेम लागेल. पण ठोकून बसवल्यासारखी घट्ट. सेंटरला सगळे मागून अडवतात, ही पुढ्यात उभी राहायची. पाठ सिस्टरला चिकटवून, बॉलच्या वाटेत. सिस्टर डावीकडून पुढे आली की ही डावीकडे, उजवीकडून आली की उजवीकडे. असं पुढे येता येता सिस्टर रिंगपासून इतकी लांब आली, की तिथे सहा फूट काय आणि चार फूट काय.

“वर हवा कशी आहे गं, ताई?” पाचरने विचारलंही होतं.

“माझ्या जागी कोण?” सिस्टरने विचारलं.

“एक्स-रेवाली. वयाचं म्हणत नाही मी, पण...”

“वयाचंच म्हणताय, काका.”

आज बाकावर बसली की पुढच्या वर्षी जर्सी दुसरीच्या अंगावर. सिस्टरला हे कळत होतं. घरी माळ्यावरचे डबे काढायला तिला हाक, वॉर्डात पडद्याच्या कड्या अडकवायला तिला हाक. वर टिंगल वेगळीच. तिच्या उंचीची वाट बघणारी जागा एकच होती, ही रिंगखालची.

“पाच मिनिटं द्या,” ती म्हणाली. “नाही जमलं तर माझी मी बसते.”

मग तिने पास देणाऱ्या लॅबवालीला बाजूला घेतलं.

“मी आता बॉलकडे येणारच नाही.”

“अहो, मग बॉल मिळणार कसा?”

“हाक आली की धावायचं, ही वॉर्डातली खोड गं माझी. ती बाई त्याचाच फायदा उठवतेय. तिला पुढ्यात राहायचंय ना? खुशाल राहू दे. तिच्या मागे कोण?”

“तुम्ही.”

“माझ्या मागे?”

“रिंग.” लॅबवालीचे डोळे मोठे झाले. “अय्या! मधे कुणीच नाही!”

“तिच्या डोक्यावरून टाक. माझ्याकडे नको, रिंगजवळ. मी पोचते. आणि रिंगच्या पलीकडच्या बाजूला आपल्यापैकी कुणी थांबू नका. तुम्ही थांबलात की तुम्हाला अडवणारी त्यांची बाई तिथे मदतीला आयती उभी.”

पहिला प्रयत्न फसला. बॉल सुटायच्या आधीच सिस्टर वळली, पाचर दोन पावलं मागे आली आणि तिने बॉल मटकावला.

“पाठ हलकी झाली की कळतं हं मला, ताई!”

काकांनी एक्स-रेवालीला उठवलं.

सिस्टर पाचरच्या पाठीकडे बघत राहिली. जड पेशंटला उभं करताना ती काय करायची? कंबर लावायची आणि थांबायची. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. तो आपल्या पायांवर आला की मगच सुटायचं.

पुढच्या वेळी तिने तशीच कंबर लावली. दोन्ही हात वर, पंजे उघडे, पंचांना दिसतील असे. लॅबवालीने बॉल फेकला. सिस्टर हलली नाही. बॉल डोक्यावरून गेला, तेव्हा सुटली. एक पाऊल, वळण, आत.

“बस गं,” काका एक्स-रेवालीला म्हणाले.

आणखी दोनदा तसंच. मग टपालवाल्यांनी मागेही एक बाई आणून उभी केली. सिस्टरने लॅबवालीला खुणावलं. बॉल कडेवरून समोर, मधोमध उभ्या फिजिओवालीकडे गेला. जागेवरच पाय टाकून सिस्टरने पाचरला कंबरेने कडेलाच अडवून ठेवलं. पुढ्यात होती ती बाजूला राहिली, मागचीला पुढे यायला उशीर झाला. सरळ पास. आत.

शेवटच्या दहा सेकंदांना हॉस्पिटल एका गुणाने मागे. कडेला लॅबवालीकडे बॉल. पुढे पाचर, मागे दुसरी, दोघी सिस्टरला चिकटलेल्या. तिने हात वर केला. दोघींचे डोळे त्या हाताकडे.

“घुस!” सिस्टर ओरडली.

लॅबवाली सरळ रिंगकडे धावली. पाचर मागे यायला गेली, वाटेत सिस्टरची कंबर. मागचीचा वेळ, हिला सोडू की नको, एवढ्यातच गेला. बॉल बोर्डाला लागून आत पडला. शिट्टी.

लॅबवालीला सगळ्यांनी उचलून घेतलं. काका तिला खांद्यावर घ्यायला निघाले आणि कंबर धरून बसले.

पाचर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. “मला हलताच आलं नाही,” ती म्हणाली. “शेवटची बास्केट तुझीच गं, ताई.”

तेवढ्यात स्कोअर लिहिणारा पेन घेऊन आला. “गर्दीत दिसलं नाही. शेवटची बास्केट कुणाची?”

पाचरने सिस्टरकडे पाहिलं.

सिस्टरने खांद्यांवरच्या त्या मुलीकडे बोट केलं. “तिची,” ती म्हणाली, आणि हात देऊन पाचरला सरळ उभं करू लागली.