कोळशाचे शेवटचे पाणी

वैशाखातले कलते, तांबूस ऊन अंगणातल्या घमेल्यांवर आले, की माझे यजमान कोळशाचा एक तुकडा पाण्यात सोडत आणि कान लावून बसत. कोरड्या कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांतली हवा बाहेर येताना बारीक सुस्कारा ऐकू येई. तो ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे प्रसन्न हसू उमटे, ते माझ्या वाट्याला क्वचितच आले. मला त्या कोळशाचा हेवा वाटे, हे सांगायला आता कसली लाज?

धुळ्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. वर्गात शुद्ध मराठी आणि संतापले की सोनगीरची अहिराणी. जळगावच्या एका तेल गिरणीत सरकीच्या तेलाचा काळपटपणा शोषून घ्यायला बाहेरगावाहून सच्छिद्र कोळसा येई. तो जस्ताच्या क्षारात भिजवून भाजलेला असे आणि तो बनवताना उरलेले विषारी पाणी कुठल्याशा नाल्यात सोडले जाई. हे कळल्यापासून त्यांना स्वस्थता नव्हती. "एक जागा साफ करानी आन दुसरी नासाडानी, हाई कसं शास्त्र शे?" असे ते जेवताजेवता मध्येच म्हणत, आणि हातातला घास हातातच राही.

उत्तर त्यांना माझ्या माहेरी सापडले. आमचे यावलकडचे घर केळीच्या बागांमधले. घड उतरल्यावर उरलेले खुंट आई वाळवून जाळी, त्यांची राख पाण्यात भिजवून वरचा निवळ खार पापडांसाठी काढून ठेवी. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात जावईबापू पापडांकडे पाठ करून त्या खाराच्या मडक्यापाशी उकिडवे बसले, ते जणू पुन्हा उठलेच नाहीत. शेतात उगाच पेटवून दिल्या जाणाऱ्या कपाशीच्या काड्या त्यांनी त्या खारात मुरवल्या, वाळवल्या, लोखंडी पिंपात कोंडून झाकण मातीने लिंपले आणि पिंप लालभडक होईस्तोवर खाली जाळ घातला. खार लाकडाला आतून कोरत जातो, आणि कोळशाचे सारे सामर्थ्य त्या कोरलेल्या पोकळीतच असते. मात्र काम झाल्यावर तो खार ताज्या पाण्याने पुनःपुन्हा धुऊन काढावा लागतो. तो आत राहिला, तर केलेल्या सगळ्यावर पाणी पडते.

आणि पाणी ओतून देणे हे एकच काम त्यांच्या हाताला ठाऊक नव्हते. सोनगीरच्या त्यांच्या तहानलेल्या घरात भाजी धुतलेले पाणी म्हशीला आणि हात धुतलेले तुळशीला जाई. तांब्याच्या तळाशी राहिलेला घोटसुद्धा ते उभ्याउभ्या पिऊन टाकत. मी केळीच्या पाटात पाय सोडून वाढलेली. मला त्याचे हसू येई.

गिरणीच्या मालकांनी अखेर एक चाचणी कबूल केली. कोळसा कसोटीला उतरला तर बाहेरचा बंद करू, तुम्हाला इथेच भट्टी घालून देऊ, असे म्हणाले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते एका दिवसावर येऊन ठेपले. नेमका तो उन्हाळा नळ आटल्याचा, टँकरचा. पहिल्या धुण्याचे खारट पाणी त्यांनी शेजारणींना पापडांसाठी वाटले. पुढच्या धुण्यांचे पाणी मात्र निवळत ठेवले आणि शेवटच्या धुण्याला तेच पुन्हा घेतले.

"अहो, ताजे घ्या. मी टँकरवरून हंडे आणते," मी म्हटले.

"हाई पानी शे व. कसं फेकू?"

त्यांनी लाल लिटमसचा कागद बुडवला. कडेला फिकट निळसर झाक आली, खार उरल्याची खूण. संध्याकाळच्या उजेडात तसे भासते, असे पुटपुटत शास्त्राच्या त्या प्राध्यापकाने कागद खिशात घातला.

गिरणीत तेल सोनेरी निथळले. मी दाराशी उभी होते. त्यांचे ते हसू ओठांवर येताना मी पाहिले. मग कुणीतरी त्या तेलात भजी सोडली, आणि कढईभर पांढरा फेस उसळला. राहिलेल्या खाराने तेलाचा साबण केला होता.

"सर, मला तेल विकायचे आहे, साबण नाही," मालक म्हणाले. सगळे हसले.

आणखी एकदा धुऊन आणतो, एवढे त्यांनी म्हणायला हवे होते. ते म्हणाले नाहीत. परतीच्या एस.टी.त खिडकीबाहेर पाहत एवढेच बोलले, "कोयसा चांगला व्हता. मीच कमी पडनू." गिरणीत बाहेरचाच कोळसा येत राहिला. आमच्या पिंपात मी गोवऱ्या भरल्या. त्यानंतरच्या साऱ्या वर्षांत तो सुस्कारा आमच्या अंगणात कधी ऐकू आला नाही. मला राग आहे: हसणाऱ्या त्या माणसांचा, आटलेल्या नळाचा, आणि सर्वांत जास्त त्यांचा. तो माझ्या आत तसाच राहिला आहे, धुतला जात नाही.

श्रावणात त्यांची राख तापीत सोडली. नदी दुथडी भरून चालली होती. राख क्षणभर पाण्यावर थांबली, मग विरघळत दिसेनाशी झाली, आणि मी काठावर मोठ्याने हसले. आमची मुले घाबरली. त्यांना काय सांगणार? काळ राखेला अख्खी नदी देतो. कोळशाला त्याने दोन हंडे दिले नाहीत.