हरकत घेणाऱ्याचं नातं

बाईंनी फाइल दोन बोटांनी टेबलावरून पलीकडे सरकवली, तापलेला तवा सरकवावा तशी.

"ही माझ्याकडे नको. अर्जदार माझा जावई आहे."

समोरच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, फाइलवरचं नाव वाचलं आणि चष्मा परत नाकावर घेतला. "अरे वा! मग मी बघतो. चालेल की."

साहेबांना सगळंच चालत असे. म्हणून खात्यात त्यांचं नाव चालेलसाहेब पडलं होतं. बाईंचं नाव अटीबाई. नामशेष व्हायला आलेल्या माशांना अभ्यासासाठी कुणी हात लावायचा, कधी आणि कसा, हे ठरवणारं ते खातं. मासा नुसता पाण्याबाहेर काढून मोजायचा म्हटला, तरी इथला परवाना लागे. बाईंच्या परवान्यात पहिल्या पानावर परवानगी असे आणि पुढची सगळी पानं अटी. दूरदूरच्या विद्यापीठांतले मोठमोठे प्राध्यापक त्यांच्या टेबलासमोर उभे राहून शाळकरी पोरांसारखे घसा खाकरत.

फाइल सरकवली खरी, पण ती कुणाची आहे हे कळेपर्यंत बाई चार पानं वाचून बसल्या होत्या. तिथेच घोटाळा झाला.

अर्ज मिशाळ माशाबद्दल होता. माणसाएवढा लांब, पाठीवर हाडांच्या ढाली, तोंडापुढे चार मिशा. आयुष्य समुद्रात काढायचं आणि अंडी घालायला तेवढं नदीत चढून यायचं, ही त्याची रीत. नदीत तो नेमकी अंडी कुठे घालतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. जावयाला ते शोधायचं होतं. मासे वर चढताना जाळ्यात धरायचे, पोटात बोटाएवढा ट्रान्समीटर बसवायचा, टाके घालून सोडून द्यायचे. नदीभर पाण्यात यंत्रं कान लावून बसलेली असतील, ती सांगतील मासा कुठवर गेला ते. एका हंगामात उत्तर हातात.

योजना देखणी होती आणि चुकीची होती. वर चढणाऱ्या मिशाळाला माणसानं धरलं की तो बिथरतो. पुष्कळदा अंडी न घालताच तोंड फिरवून समुद्राकडे परत जातो. दुसऱ्या नद्यांवरचे असे अहवाल बाईंनी वाचले होते. त्यात मादी काही दरवर्षी येत नाही. चार-पाच वर्षांतून एकदा येते. तीच माघारी गेली, तर काय उरलं?

आता हे सांगायचं कुणाला? ज्या प्रकरणातून अंग काढून घेतलं, त्यावर खात्यात चकार शब्द काढायचा नाही, हा नियम. अर्जदाराशी तर नाहीच नाही. हा नियम बाईंनी स्वतःच आग्रहानं करून घेतला होता.

"वाचली का फाइल?" दोन दिवसांनी त्यांनी चालेलसाहेबांना विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"छान आहे. टाइपही सुंदर केलंय."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लेक दातांची डॉक्टर. भलती स्पष्टवक्ती. जावई मवाळ, उंच, दारातून आत येताना उगीचच वाकणारा. हंगाम आटोपला की दोघं दूरच्या एका बंदराच्या गावी जाणार होती. तिथल्या संस्थेत त्याच्यासाठी जागा ठेवली होती. तिलाही तिथे दवाखाना मिळत होता. या जाण्याबद्दल घरात सगळे आनंदानं बोलत. बाई जरा जास्तच आनंदानं बोलत.

त्या दिवशी टेबलावर नळाची गळती झाली, पडद्यांचे रंग झाले, शेजाऱ्यांचं मांजर झालं. मासा सोडून जगातले सगळे विषय झाले.

"आई, तुम्ही जेवत नाही आहात," जावई म्हणाला.

"जेवते आहे की," बाई म्हणाल्या आणि रिकामा चमचा तोंडात घातला.

बाईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत बघितलेलं असल्यामुळे बायकोचं त्याच्यापासून काही लपत नसे. पोरं गेल्यावर भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "काय गिळून बसली आहेस?"

"सांगता येत नाही. नियम आहे."

"मग ज्याला नियम नाही अशा माणसाकडून सांगव."

"असा माणूस कुठून आणू?"

तो माणूस बाईंना दुसऱ्या दिवशी खात्याच्या दारातच सापडला. दारापाशी फलक होता आणि त्यावर जावयाच्या अर्जाची जाहीर सूचना डकवलेली होती. खाली नेहमीचं वाक्य: 'या अर्जावर कोणत्याही नागरिकास महिन्याच्या आत लेखी हरकत घेता येईल.' हे वाक्य बाईंनी शेकडो सूचनांखाली घातलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं.

त्या तडक कायद्याचं काम बघणाऱ्या मुलीच्या खोलीत गेल्या.

"एक सांग. खात्यात नोकरी करणारा माणूस नागरिक असतो का?"

मुलगी विचारात पडली. "असतो. रजेवर असला तर जास्तच."

बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. खात्यातला कागद नको, खात्यातलं पेन नको म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन्ही विकत घेतलं आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसल्या. लिहिताना त्यांचा हात इतका सरसर चालला की शेजारी वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थांनी दोनदा वळून बघितलं. तीन मुद्दे झाले. पहिला, मासे वर चढताना धरू नयेत, अंडी घालून उतरताना धरावेत. ट्रान्समीटरची बॅटरी दहा वर्षं चालते. मादी पुन्हा चढेल तेव्हा उत्तर आपोआप मिळेल. दुसरा, टाके घालण्याआधी माशाला भूल द्यावी. तिसरा, ज्यानं माशाच्या पोटात यंत्र ठेवलं, त्यानंच ते मासे परत येईपर्यंत नदीवर राहून निरीक्षण करावं. काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून जाऊ नये.

हरकतीच्या ठरलेल्या नमुन्यात शेवटी एक रकाना होता: 'हरकत घेणाऱ्याचं अर्जदाराशी नातं, असल्यास.' बाईंनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: सासू.

हरकती घेणारी खिडकी त्यांच्याच खोलीच्या खाली होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीतल्या कारकुनानं मान वर केली.

"बाई, तुम्ही इकडून कशाला? वर आणून दिलं असतं की मी!"

"ओळखपत्र बघ आणि शिक्का मार."

"तुमचं ओळखपत्र?"

"नागरिकाचं," बाई म्हणाल्या.

सुनावणीला फारसं कुणी येत नसे. या वेळी मात्र बातमी जिन्यावरून खाली-वर फिरली असावी, कारण खोली भरली होती. मागच्या भिंतीला टेकून लोक उभे होते. बाई शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसल्या. चालेलसाहेबांनी घसा साफ केला, कागद उचलला, आणि आपण काय वाचतो आहोत हे कळायच्या आत वाचून मोकळे झाले.

"हरकत एकच आली आहे. हरकत घेणाऱ्याचं अर्जदाराशी नातं... सासू."

खोलीत आधी कुणी हसलं नाही. मग कुणाचा तरी खोकला निघाला, तो दुसऱ्याला लागला, आणि मागची भिंत हलायला लागली. जावई उठून उभा राहिला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. त्यानं तिन्ही मुद्दे शेवटपर्यंत ऐकले, वहीत लिहून घेतले आणि एवढंच म्हणाला, "उत्तर द्यायला आठ दिवस मिळावेत."

दुसऱ्या दिवशी बाई कामावरून घरी पोचतात न पोचतात तोच फोन वाजला.

"आई," लेक म्हणाली, "लोकांच्या सासवा स्वयंपाकघरात बोलतात. तू सरकारदरबारी बोललीस?"

"स्वयंपाकघरात बोलायला बंदी होती."

"तो काल रात्री जेवला नाही, माहिती आहे?"

"रागावलाय?"

"कुठला रागावतोय! अहवाल वाचत बसला होता. तूही जेवू नकोस आता आठ दिवस." आणि फोन खाली ठेवला गेला.

नवरा सोफ्यावर बसून सगळं ऐकत होता. "लेकी बोले सुने लागे, असं ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "तू आडून बोलायची भानगडच ठेवली नाहीस."

ते आठ दिवस बाईंना फार लांब गेले. रविवारी कुणी जेवायला आलं नाही. नळ मात्र गळत राहिला. आपण माशाची बाजू घेतली, तिथे चुकलो नाही, हे त्या स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होत्या. बजावून झालं की हटकून फोनकडे बघत होत्या.

उत्तर आलं ते फलकावर लागलं. बाईंनी ते सगळ्यांसारखं उभ्यानं वाचलं. पहिला मुद्दा: 'अहवाल तपासले. हरकत योग्य आहे. मासे उतरतानाच धरले जातील.' दुसरा मुद्दा: 'भुलीबाबत हरकत घेणाऱ्या बाईंची माहिती जुनी आहे. भुलीचं औषध अंगातून उतरायला वेळ लागतो आणि तोवर मासा प्रवाहात भरकटतो. मिशाळ झोळीत उताणा केला की आपोआप शांत पडतो, कल्ल्यांवर पाणी चालू ठेवणं पुरेसं असतं. सोबत पुरावे जोडले आहेत.' बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पुरावे वाचले. पुन्हा वाचले. मग चोरी पकडली गेल्यासारखं इकडेतिकडे बघून त्या हसल्या. घसा न खाकरता त्यांना चूक म्हणणारा हा पहिलाच.

तिसऱ्या मुद्द्यापुढे एकच शब्द होता: 'मान्य.'

परवान्यावर सही करताना चालेलसाहेब खुशीत होते. बाईंची बंदी आता उठली होती, म्हणून सही दाखवायला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"झकास झालं," ते म्हणाले. "मासे उतरताना धरायचे. मादी परत येणार चार-पाच वर्षांनी. आणि तोवर परवानाधारकानं नदी सोडायची नाही. म्हणजे लेक-जावई पाच वर्षं इथेच की हो!" त्यांनी शाईवर फुंकर मारली. "तुम्हाला चालेल ना?"

बाई खुर्ची ओढून बसल्या.

"ती अट मी सगळ्यांनाच घालते," त्या म्हणाल्या.

"घालता की."

"वीस वर्षं घालते आहे. काढून बघा जुने परवाने."

"मी कुठे काय म्हटलं?" चालेलसाहेब म्हणाले आणि शिक्का शोधू लागले.

घरी येऊन बाईंनी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "तुला खरंच सुचलं नव्हतं?"

"शपथेवर सांगते."

"शपथ कशाला? मी काय सुनावणी घेतोय?"

रात्री अंथरुणावर बाईंनी तो तिसरा मुद्दा मनात पहिल्यापासून लिहून बघितला. वाचनालयातलं टेबल आठवलं, पेन आठवलं. लिहिताना मन कुठे होतं, ते काही आठवेना.

हंगाम सरता सरता जावयाचा फोन आला. "आई, मासे उतरायला लागलेत. परवान्यात लिहिलंय की हरकत घेणाऱ्याला काम बघता येईल. येताय?"

सकाळी धुकं विरायच्या सुमाराला बाई कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून नदीत उभ्या होत्या. काठावर लेक फोनवर कुणाशी तरी बोलत येरझारा घालत होती. झोळीत अंडी घालून हलकी झालेली मादी उताणी पडली होती, आणि जावयानं लिहिलं होतं तशीच, खरोखर, झोपल्यासारखी शांत. तो भराभर टाके घालत होता. एरवी दारातून वाकून येणारा हा माणूस पाण्यात सरळ उभा होता. कागदावर हजार वेळा वाचलेला मासा बाई पहिल्यांदाच बघत होत्या. त्या मिशा, त्या ढाली, ते जुनंपुराणं शहाणं तोंड. वीस वर्षं आपण कुणासाठी भांडत होतो, ते असं दिसतं होय, असं त्यांना वाटलं आणि डोळ्यांत उगीच पाणी आलं.

"शेपटीकडून आधार द्या, आई. आधी हात पूर्ण ओले करा."

त्यांनी हात बुडवले. मादीचं अंग खरखरीत होतं, थंड आणि जिवंत.

"एक सांगायचं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तुमची ती बंदराची जागा गेली. ते मनात धरून मी लिहिलं नव्हतं."

"माहीत आहे." त्यानं दोरा कापला. "तिकडे समुद्र मोठा आहे, पण मिशाळ एकही नाही. मला जायचंच नव्हतं फारसं. सांगायचं कसं, तेवढं कळत नव्हतं."

दोघांनी मिळून मादीला पालथी केली आणि प्रवाहाकडे तोंड करून धरली. कल्ले हलले. शेपटी एकदा बाईंच्या मनगटावर बसली, जोरात.

तेवढ्यात काठावरून लेकीनं फोनवर हात ठेवून हाक मारली. "आई! घरमालक विचारतायत, इथलं घर दोन खोल्यांचं घ्यायचं की तीन?"

"तीन!" बाई म्हणाल्या.

उत्तर इतकं झटकन आलं की जावई हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिला. बाईंनी मान खाली घातली आणि हात सैल सोडले. मादी क्षणभर तिथेच थांबली, मग खोल पाण्यात शिरून समुद्राच्या दिशेनं निघून गेली.