टवका गेलेल्या झाकणाची बरणी

संग्रहालयातल्या बाईंना विद्यार्थी पाठीमागे फीतबाई म्हणत. म्हणेनात का! फितीसारख्या लांब, मऊ समुद्री किड्यांपायी बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. हे समुद्री फीतकृमी चपट्या कृमींचे भाऊबंद नव्हेतच, असं त्यांनी तरुणपणी प्रबंधात लिहिलं. चपट्यांना खायला एक तोंड आणि टाकायलाही तेच. फीतकृमींच्या दोन्ही वाटा वेगळ्या, अंगात रक्तवाहिन्या, सोंड ठेवायला स्वतंत्र पोकळी. त्यांची जागा गांडुळं आणि गोगलगायींच्या बाजूला.

मार्गदर्शक सरांनी तो प्रबंध सगळ्यांदेखत टेबलावर आपटला. "पोरी, किड्यांच्या सोयरिकी जुळवायला तुला इथं घेतलेलं नाही!" म्हणाले, आणि नापास केलं. प्राध्यापक व्हायच्या बाई बरण्या पुसत राहिल्या. पुढे जगानं त्यांचंच म्हणणं मान्य केलं, पण नाव झालं भलत्यांचं.

आज सरांचा सत्कार होता. सरांना आता दिसत नव्हतं. मुलीला पाहुण्यांपाशी सोडून ते चाचपडत बाईंपाशी, कपाटांच्या खोलीत आले. भाषणाआधी बरण्यांना हात लावून यायची त्यांची जुनी खोड.

"मुलीला यातलं ओ की ठो कळत नाही, आणि मला कोणी वाचून दाखवत नाही," सर म्हणाले. "फीतकृमी अजून चपट्यांच्याच फळीवर आहेत ना गं? खरं सांग. आजचं भाषण त्यावर आहे."

फीतकृमींची बरणी केव्हाच खालच्या फळीवर, गांडुळांशेजारी गेली होती. बाईंनी ती अलगद उचलली, वर चपट्यांमध्ये ठेवली आणि सरांचं बोट झाकणाच्या ओळखीच्या टवक्यावर टेकवलं.

"तुम्ही ठेवलीत तिथंच आहे, सर."

सरांचा चेहरा खुलला. बाईंना वाईट वाटलं, पण घटकाभरच.

सभागृहात सर रंगात आले. "कोणी काहीही म्हणो, फीतकृमी चपट्यांच्याच घरचे!" मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग खसखस पिकली. सरांना वाटलं, दाद मिळतेय. ते आणखी जोरात बोलू लागले. शेवटी पुढच्या रांगेतली एक विद्यार्थिनी उठली. "सर, हे चूक आहे. आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो."

"पण मी आत्ता हात लावून आलो..." सर म्हणाले, तर सगळं सभागृह हशानं फुटलं. टेबल चाचपताना त्यांच्या हातून पाण्याचा पेला पडला. शेवटच्या खुर्चीत बाईंच्या काळजाला गारवा मिळाला.

सरांना बाहेर नेताना मुलगी बाईंपाशी थांबली. तिचे डोळे लाल झाले होते.

"तुम्ही हे काय केलंत, ताई? बाबांनी दोन भाषणं पाठ केली होती. बरणी जागची हलली असेल तर दुसरं करणार होते."

"दुसऱ्यात काय होतं?"

"तुमचं नाव होतं. तुमचा प्रबंध बरोबर होता आणि त्यांनीच तो बुडवला, हे त्यांना सगळ्यांसमोर कबूल करायचं होतं."

सरांनी मुलीचा हात ओढला.

"तिला बोलू नकोस. तिची काहीतरी चूक झाली असेल. माझी विद्यार्थिनी आहे ती, बरणीबद्दल खोटं नाही बोलायची."

आणि बाईंच्या दिशेनं, थोडं चुकून भिंतीकडेच, त्यांनी हात जोडले.