तिसरा सदस्य पंगतीला

आतारांनी सातव्या परिच्छेदाखाली पेन्सिलीची रेघ ओढली आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा टेबलावरून परत सरकवला.

"हे असं नको."

"सर, यात खोटं काय आहे?" शिवांजलीनं विचारलं. साताऱ्यात तिचं वकिलीचं ऑफिस होतं आणि आतारांची केस ती कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालवत होती. "'निवड समितीने माझी रीतसर मुलाखत घेतली.' घेतली ना?"

"घेतली. पण दोघांनी."

शिवांजलीनं दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं.

बशीर आतार पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीभर ते कामं तपासून शेरे लिहीत आले आणि त्या शेऱ्यांचं काय करायचं ते दुसरंच कुणी ठरवत आलं. आता सांगली जिल्ह्यातल्या गावोगावच्या सरकारी कामांवर देखरेख ठेवणारे लोकपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. आदेशाखाली पहिल्यांदाच त्यांची स्वतःची सही असणार होती. खुर्ची अजून अंगवळणी पडली नव्हती, तोच मिरज तालुक्यातल्या रामगोंडा मगदूम नावाच्या शेतकऱ्यानं त्या नेमणुकीलाच आव्हान दिलं. मुलाखतीला निवड समितीचे तिन्ही सदस्य हजर हवेत, असा नियम. तिसरे सदस्य, एक निवृत्त प्राचार्य, आलेच नव्हते आणि त्यांनी सही मागाहून केली, असं त्याचं म्हणणं. पुढच्या तारखेपर्यंत एकाही तक्रारीवर निर्णय देऊ नका, असं कोर्टानं बजावलं होतं. आतारांनी तर तक्रारींच्या फायलींचं कपाटच उघडलं नाही. निर्णय देऊ नका म्हटलंय, वाचू नका म्हटलेलं नाही, हे सांगून शिवांजली दमली. वाचलं की मत बनतं, एवढंच त्यांचं उत्तर.

"किती जण हजर होते ते त्यांनी सिद्ध करायचं," ती आता म्हणाली. "हजेरीवर तिघांच्या सह्या आहेत. आपण मोघम लिहू. पद राहील."

"पद राहावं असं मलाही वाटतं गं. पण मला एक सांग. त्या खोलीत ते दोघं आणि मी. ते बोलणार नाहीत, मी बोललेलो नाही. मग या मगदूमाला कळलं कसं? बरं, त्यानं स्वतः या पदासाठी अर्जही केला नव्हता. मी जाऊन त्याला काय मिळणार?"

"ते कोर्टात विचारू."

"कोर्टात तो वकिलानं पढवलेलं सांगेल."

"सर, तुम्ही तिकडे जाणार नाही आहात."

आतारांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि ते उठले.

दुसऱ्या दिवशी कोरेगावच्या घरातून ते गाडीची किल्ली घेऊन निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी अख्तरबी दारात उभ्या होत्या.

"लोकं दुसऱ्याचं भांडण बघायला थांबतात," त्या म्हणाल्या. "स्वतःवरची केस बघायला पेट्रोल जाळणारा माणूस मी एकच पाहिला."

मगदूमांच्या गावात शिरताना ऊन कललं होतं. वेशीजवळच पाण्याची टाकी होती. पत्ता विचारायला म्हणून आतार उतरले आणि सवयीनं टाकीखाली गेले. खांबांच्या बुडाशी सिमेंट सुटून सळ्या दिसत होत्या. असल्या कामाची टाकी भरली की गळतेच, आणि अंगावर पांढरे ओघळ येतात. इथं एकही नव्हता. म्हणजे या टाकीत पाणी कधी चढलंच नव्हतं. त्यांनी किल्लीनं खांबावर ठोकून पाहिलं, पोकळ आवाज ऐकला, आणि आपण इथं तपासणीला आलेलो नाही हे आठवून ते पुढं निघाले.

रामगोंडा मगदूम सोप्यात बसून द्राक्षछाटणीची कात्री तेलाच्या फडक्यानं पुसत होता.

"मी बशीर आतार. कोरेगावचा."

"वळीकलं की. पेपरात फोटो आलावता." त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फोटोत जरा जाड दिसता."

"वकिलांनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं."

"आमच्याबी वकिलानं सांगितलंय, त्या मानसाशी बोलू नका म्हणून. मग बसू या दोघं गप." तो मोठ्यानं हसला. "या, हात धुवा. दिवस बुडायच्या आत जेवायचं असतंय आमच्यात. मागनं चूल बंद."

"नको, मी फक्त—"

"आवं, पावणा उपाशी गेला तर ही मला उपाशी ठेवील. गुणमाला, साहेबास्नी ताट कर."

नाही म्हणायला आतारांना दुसरं कारण सुचलं नाही. गुणमालानं भाकरी, दोडक्याची भाजी आणि ताक आणून ठेवलं. "लसूण-कांदा न्हाई हं आमच्यात. गोड मानून घ्या," ती म्हणाली आणि पातेलं घेऊन समोरच बसली.

भाजीला शेंगदाण्याचा कूट होता. दोन घास खाऊन आतारांनी विचारलं, "मगदूमअण्णा, त्या दिवशी प्राचार्य नव्हते हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? ते हितं होतं."

"इथं?"

"जैन मंदिरात पंचकल्याणक पूजा होती गावात. परमुख पावणं तेच. दुपारी पंगतीला बसलं, मीच वाढायला होतो. श्रीखंड नको म्हनले, शुगर हाय. आनि मागनं माहितीच्या अधिकारात कागद काढतो तर काय! त्याच दिवशी, त्याच दुपारी त्येंची सही सांगलीत. मानूस एक, आनि बसला दोन ठिकानी."

आतारांना हसू आलं. मुलाखतीत तिसऱ्या, रिकाम्या खुर्चीसमोर बसून त्यांनी अर्धा तास उत्तरं दिली होती. त्या वेळी खुर्चीचा धनी इथं श्रीखंड नाकारत होता.

"पण तुम्ही कागद काढलेतच कशाला? माझ्याशी तुमचं काही वाकडं आहे?"

"तुमच्याशी? छ्या!" रामगोंडानं भाकरी मोडली. "येताना टाकी बगितली का?"

"पाहिली."

"तिच्यातलं थेंबभर पानी कुनी पेलेलं न्हाई. मागच्या लोकपालाकडं तक्रार केली. चांगला मानूस. त्यानं आदेश काढला, ठेकेदारानं सोखर्चानं टाकी नवी बांधून द्यावी म्हनून. आमी गावात पेढं वाटलं. ठेकेदार गेला कोर्टात. टाकीबद्दल एक अक्षर बोलला न्हाई. म्हनला, ह्या लोकपालाची नेमनूकच चुकीची हाय. झाली स्थगिती. लोकपाल वारला बिचारा, स्थगिती हाय तशी हाय."

तो ताकाचा घोट घ्यायला थांबला.

"मग परत नवी तक्रार टाकली. तवा म्हनलं, आवंदा आदी लोकपालच ठोकून बगावा. पक्का निगाला, तर त्याचा निकालबी पक्का; कच्चा असला, तर ठेकेदाराच्या आदी आपनच कोर्टात जावं. कोरेगावात चौकशी केली मी तुमची. मानूस लय कडक हाय, कुनाचा च्या पीत न्हाई म्हनले. खरं सांगू का साहेब, निकाल तुमच्याच हातनं व्हावा असं वाटत हुतं."

आतारांचा घास ताटातच थांबला. "नवी तक्रार कुणाच्या नावावर आहे?"

"हिच्या. टाकीला जागा हिनं दिली, बापाकडनं आल्याली. तुमच्याच कपाटात हाय की. वाचली न्हाई?"

 बाहेर गोठ्यात म्हैस दाव्याला हिसके देत होती. गुणमाला पळी हातात धरून कधी नवऱ्याकडे, कधी पाहुण्याच्या ताटाकडे पाहत राहिली.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "साहेबांनी आपल्यात जेवल्यालं चालत न्हाई."

"आगं, चार भिंतीत जेवल्यालं कुनाला कळतंय?"

"प्राचार्य जेवल्यालं तुमाला कळलं तसं."

रामगोंडाचा चेहरा उतरला. त्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला. "झालं. माझ्याच हातानं वाढून ठिवलं म्हनायचं."

"तुम्ही बोलावलं नव्हतंत," आतार म्हणाले. "मी आलो. कपाट उघडलं असतं तर आलो नसतो."

"मग आता हिची तक्रार ऐकायची कुनी?"

"मला ऐकता येणार नाही. आणि जिल्ह्याला लोकपाल एकच असतो. मी त्या खुर्चीत आहे तोवर दुसरा येत नाही."

"आनि केस? ती किती वर्सं चालंल?"

"आम्ही मोघम लिहिलं तर पुष्कळ चालेल."

रामगोंडानं मान हलवली. या उत्तरातलं 'तर' त्याच्या ध्यानात आलं नसावं. गुणमाला मात्र आतारांकडे बघत होती.

आतार ताटाकडे पाहत बसले. साताऱ्याच्या त्या बंद दाराआड सातव्या परिच्छेदात काय लिहायचं होतं, ते तसं थोडकंच होतं. 'मुलाखत दोघांनीच घेतली', एवढी एक ओळ लिहिली की खुर्ची दुसऱ्यासाठी मोकळी. शिवांजली आधी चिडेल, मग तीच नीट भाषेत बसवून देईल. सोप्याच्या उंबऱ्यावरचं ऊन तांबूस होऊन सरकत चाललं होतं. ते पाहून गुणमाला हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, ऱ्हाऊ द्या मग. ताट उचलू का?"

"नको," आतार म्हणाले. त्यांनी ताट थोडं पुढं केलं. "वाढा अजून थोडी भाजी. आता चालतं मला."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं.  मग तिनं पातेलं जवळ ओढलं, भाजी वाढली, आणि न विचारता वर अर्धी भाकरीही ठेवली.