पुनवेआधी बुडालेला नरहरी

पालघरजवळच्या माहीमच्या कोळीवाड्यात नरहरीचं नाव निघालं की माणसं हसायची. नारळी पुनवेआधी, खवळलेल्या दर्यात होडी घालणारा असा शहाणा पुन्हा झाला नाही, असं आया पोरांना सांगायच्या. त्याची बायको रंभाबाई ते ऐकून आतल्या आत चरफडायची. नरहरी बुडालाच नव्हता. ती थाप तिनंच मारली होती.

बेचाळीसच्या ऑगस्टात पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला. नरहरी बरगडीत गोळी घेऊन कसाबसा घरी पोचला आणि उजाडायच्या आत गेला. पोलीस जखमींना हुडकत होते. प्रेत सापडलं असतं तर दोन्ही दीर तुरुंगात जाणार होते. रंभाबाईनं धर्माजी तांडेलाला गाठलं. त्यानं प्रेत केवड्याच्या बनात पुरलं, नरहरीची होडी खडकावर फोडली, मरेपर्यंत बोलणार नाही असा शब्द दिला आणि नरहरी बुडाला म्हणून स्वतःच बोंब ठोकली. प्रेत न मिळालेल्याचं करतात तसा दर्भाचा पुतळा केला, नारळाचं डोकं लावलं आणि साऱ्या गावादेखत जाळला. पोलीससुद्धा हळहळले. लबाडी इतकी बेमालूम वठली की स्वातंत्र्य आल्यावर खरं सांगितलं तरी कोणाला पटेना. वेड्याला हुतात्मा करायला निघाली, म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. केवड्याचं बन तोवर समुद्रानं खाल्लं होतं.

चौसष्ट साली गावात हुतात्म्यांचा स्तंभ उभारायचं ठरलं. समितीचे अध्यक्ष बळवंतराव माणूस सरळ. म्हणाले, "डोळ्यांनी पाहिलेला एक जण उभा करा, बाई. दगडावर नाव कोरतो."

दोन्ही दीर केव्हाच वारले होते; पाहिलेला एकच उरला होता. धर्माजीचे डोळे गेले होते, कालचं आज आठवत नसे. बेचाळीस मात्र लख्ख! रंभाबाई रोज जाऊन त्याच्याकडून वदवून घ्यायची, आणि तो सगळं बिनचूक सांगायचा. तिचं काळीज सुपाएवढं झालं.

ठरल्या दिवशी बळवंतराव आले. सरकारी काम म्हणून मामलेदार आले, आणि मामलेदार आले म्हणून हवालदारही आला. अंगणात बूट वाजले तसा खाटेवरचा धर्माजी ताठ झाला.

"कोन हाय? पोलीस?"

"होय बाबा, घाबरू नका," हवालदार बिचारा मायेनं म्हणाला. "नरहरी कसा गेला, तेवढं सांगा."

"बुडाला," धर्माजी म्हणाला. "आमी नको म्हनलो, तरी होडी घातली. येडा होता."

"दादा, अरे खरं सांग! राज्य आपलं हाय आता!" रंभाबाईनं त्याचे खांदे धरून गदागदा हलवले.

"तिचं काय ऐकू नका, सायेब. नवरा गेला, डोकं ठिकानावर नाय तिचं," म्हणत धर्माजी हात जोडून रडू लागला.

बळवंतरावांनी मान खाली घातली. "दगड उद्या कोरायला जातोय, बाई," एवढंच ते म्हणाले, आणि मंडळी निघून गेली.

बुटांचा आवाज लांब गेल्यावर धर्माजीनं चाचपडत तिचा हात धरला. त्याचा चेहरा उजळला होता.

"गेले ना? भिऊ नको, पोरी. मी जिता हाय तवर कोनाला कळायचं नाय."

रंभाबाईच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. पण जगात तिच्यासाठी शब्द पाळणारा हा एवढाच माणूस होता, त्याला काय बोलणार? नरहरी आज दुसऱ्यांदा मेला, आणि या खेपेला तिला रडताही येईना.

"बरं केलंस, दादा," ती म्हणाली, आणि त्याला पेज भरवायला बसली.